घर कोणतं, डॉक्टर?

भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांत बसणाऱ्या, तसेच नागपुरात आमच्या जिल्ह्याच्या बायका तपासणाऱ्या सर्व डॉक्टर मंडळींना,



मी साकोली तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३० वर्षं घालवली. तुमच्यापैकी एखाद्या-दुसऱ्याचा कान मी लहानपणी पिळलाही असेल. आज पत्रातून पिळते आहे, तो त्याच हक्कानं. तुमच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत मी उभी राहिलेली आहे. एका माणसाच्या वाट्याला तुमची तीन मिनिटं येणंही कठीण, हे मला ठाऊक आहे. माझं मुख्य म्हणणं त्या तीन मिनिटांतल्या एकाच प्रश्नाबद्दल आहे.

२०१९ चा पावसाळा. माझी धाकटी बहीण, वय ४३, लाखनी तालुक्यात दिलेली. छातीत गाठ लागली होती, पण रोवणी उरकेपर्यंत तिनं कोणाला सांगितलं नाही. मी रागावले तर म्हणाली, “दुखत नाही त कायले जाऊ?” शेवटी मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी गाठ तपासली, केसपेपर पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, “घरात कोणाला कॅन्सर?”

ती म्हणाली, “नाही.”

खोटं बोलली नाही हो ती. सासू ८८ वर्षांची, स्वतःच्या हातानं पाणी भरणारी. दोन नणंदा, एक जाऊ, सगळ्या ठणठणीत. लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेल्या बाईला ‘घर’ म्हटलं की सासरच डोळ्यांपुढे येतं. तिला तसंच तर वाढवलं आपण. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून पाठवणी केली, आडनाव बदललं, रेशनकार्डावरचं नाव बदललं. आता केसपेपरवर तिनं माहेरचं सांगावं अशी अपेक्षा असेल, तर तसं विचारायला नको का? त्या कागदावर कौटुंबिक इतिहासापुढे ‘नाही’ असं लिहिलं गेलं आणि तो कागद पुढे जिथे जिथे गेला तिथे ते ‘नाही’ही गेलं.

शेजारी मी बसले होते. मीही काही बोलले नाही. मला आई आठवली, ती धडधाकट आहे. वडिलांच्या बाजूचा विचारही मनाला शिवला नाही. बायकांचा आजार तो, बायकांकडूनच यायचा, असं बी. एड. झालेल्या मला वाटत होतं.

आमची एकुलती एक आत्या १९८८ मध्ये ४७ व्या वर्षी गेली. ‘पोटात पाणी झालं’ एवढंच घरात बोललं गेलं. मोठ्या बाबांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, २०११ मध्ये ३९ व्या वर्षी छातीच्या कॅन्सरनं गेली. दोघींची आडनावं वेगळी, गावं वेगळी. एक पवनीकडची, एक तुमसरकडची. त्या दोघी आणि माझी बहीण एकाच कागदावर कधी आल्याच नाहीत. मोठ्या बाबांनी घराण्याची वंशावळ हौसेनं वहीत उतरवली होती. सात पिढ्यांचे पुरुष तीत आहेत, आत्याचं नाव नाही.

तिघींना एकत्र आणणारा कागद शेवटी मुंबईत झाला. उपचार अर्ध्यावर असताना दुसरं मत घ्यायला आम्ही वरठीहून विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो. तिथल्या रुग्णालयात एक पंचविशीतली मुलगी समोर पेन्सिल-कागद घेऊन बसली. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. “ताई, आईला बहिणी किती? वडिलांना बहिणी किती? त्या कशानं गेल्या? साधारण कितव्या वर्षी?” पाऊण तास ती विचारत राहिली. “पोटात पाणी झालं,” असं मी म्हणताच तिची पेन्सिल थांबली. बीजांडकोशाचा, म्हणजे अंडाशयाचा, कॅन्सर पुष्कळदा असाच कळतो, पोट पाण्यानं फुगल्यावर. तीन गोल तिनं काळे केले आणि कागद आमच्याकडे वळवला. तिन्ही गोल आमच्या वडिलांच्या चौकोनाभोवती होते. रक्त तपासलं. बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला.

तुम्हाला हे शिकवायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून माझ्या शिक्षकी पद्धतीनं सांगते. पेशीतला डीएनए तुटला की तो सांधणाऱ्या कामगारांपैकी एक म्हणजे बीआरसीए-१. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरीवर निभतं. आयुष्यात कधीतरी स्तनातल्या एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात. सदोष प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता नाणेफेकीइतकी, निम्मी. ती बापाकडून मुलीला तितक्याच सहज येते जितकी आईकडून. बाप मात्र बहुधा धडधाकट राहतो आणि म्हणून माग पुसला जातो. असा दोष असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, बीजांडकोशाच्या कॅन्सरची ४० टक्क्यांच्या वर. बीआरसीए-२ मध्ये पहिला आकडा जवळपास तेवढाच, दुसरा बराच कमी.

गंमत पाहा. हे सगळं शास्त्र उभं राहिलं तेच माहेरची चौकशी करून. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये एका कुटुंबातल्या चार पिढ्यांचा कॅन्सर लिहून काढला. ते कुटुंब त्यांच्या बायकोच्या माहेरचं होतं, असं सांगतात. जनुक, डीएनए हे शब्दही तेव्हा जगाला माहीत नव्हते. पुढे मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांचा माग काढत १९९० मध्ये दाखवलं की यांतल्या काही कुटुंबांतला दोष १७ व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये बीआरसीए-१ प्रत्यक्ष हाती लागलं, पुढच्या वर्षी बीआरसीए-२. यंत्रं नंतर आली, आधी वही-पेन्सिल होती. वही-पेन्सिल भंडाऱ्यातही मिळते, साहेब.

म्हणून पहिली मागणी हीच. ‘घरात कोणाला’ हा प्रश्न टाकून द्या. त्याऐवजी विचारा: माहेरी कोणाला? आई, मावशी, आजी. मग वडिलांकडच्या, आत्या, आजी, चुलत बहिणी. छातीचा, अंडाशयाचा. ‘कॅन्सर’ हा शब्द आमच्याकडे मोठ्यानं उच्चारत नाहीत, तेव्हा ‘गाठ होती का’, ‘पोटात पाणी झालं होतं का’, ‘छाती काढली होती का’ असं विचारा. कितव्या वर्षी, हे तर विचाराच. वर्ष आठवत नसेल तर ‘मोठ्या मुलाचं लग्न झालं होतं का तेव्हा’ असं विचारलं की बाई बरोबर हिशेब लावते. आणि हा प्रश्न पुरुषांनाही विचारा. त्याबद्दल शेवटी बोलते.

तुमच्यातले काही म्हणतील, बाई, खेड्यातल्या माणसाला जनुक-बिनुक काय कळणार? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी तुम्हीच केली ना? माझ्या वर्गातल्या मुलांना रांगेत उभं करून बोटातून रक्त घेतलं तेव्हा मी तिथेच होते. आज आमच्या गावांत सही करता न येणारी आजीसुद्धा सांगते की नातू ‘एएस’ आहे म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे आजारी, आणि दोन वाहकांनी लग्न केलं तर चारात एका मुलाला धोका. अनुवंशशास्त्राचा एवढा मोठा धडा विदर्भानं गिरवला आहे. बीआरसीएचा धडा त्याच्या पुढचं पान आहे, फरक इतकाच की सिकलसेलच्या आजाराला दोन्हीकडून यावं लागतं, इथे एका बाजूनं आलं तरी पुरतं. हे सांगायला किती वेळ लागतो? मी आत्ता एका वाक्यात सांगितलं.

दुसरी गोष्ट कागदांची. बहिणीच्या गाठीचा तुकडा तपासून आला. अहवाल इंग्रजीत. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, एचईआर-टू निगेटिव्ह. तीन वेळा निगेटिव्ह वाचून तिच्या नवऱ्याच्या जिवात जीव आला. त्यानं दवाखान्याच्या पायरीवरून घरी फोन लावला, “सगळं निगेटिव्ह आहे.” पुढच्याच वर्षी करोनानं तर निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे साऱ्या देशाच्या मनावर कोरलं. त्या तीन निगेटिव्हचा अर्थ असा की गाठीवर हार्मोनचा दरवाजा नाही, एचईआर-टूचाही नाही, म्हणजे त्या दरवाजांतून आत जाणारी औषधं इथे चालणार नाहीत, आणि हा प्रकार जास्त आक्रमक असतो. हे आम्हाला १३ दिवसांनी, अहवालाची झेरॉक्स काढणाऱ्या दुकानात भेटलेल्या एका ओळखीच्या नर्सकडून कळलं. बीआरसीए-१ च्या कुटुंबांत बहुतेक गाठी याच प्रकारच्या असतात. म्हणजे चाळिशीतली बाई आणि ट्रिपल निगेटिव्ह, एवढ्यावरूनसुद्धा कोणीतरी माहेरची चौकशी करायला हवी होती.

याच काळात तिच्या दिरानं मोबाइलवर वाचलं की गाठीतली २१ जनुकं तपासणारी एक चाचणी आहे, ती केली की केमो टळू शकते. खर्च लाखांत. दोघे भाऊ एक एकर बांधी विकायला निघाले. चार ठिकाणी विचारलं, ‘करायची असेल तर करा’ यापलीकडे उत्तर नाही. ती चाचणी लवकरच्या टप्प्यातल्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि एचईआर-टू निगेटिव्ह गाठींसाठी आहे. माझ्या बहिणीच्या गाठीसाठी ती नव्हतीच. हे सांगायला कोणाला अर्धं मिनिट लागलं असतं. जमीन वाचली ती गिऱ्हाइकानं भाव पाडला म्हणून.

गाठीच्या अशा जनुक-अभिव्यक्तीच्या चाचण्या आणि रक्तातली बीआरसीए चाचणी यांचा घोळ लोकांच्या मनात फार आहे, तोही सोडवा. आपल्याकडे म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण वेगळं आणि गुण वेगळा, हे शेतकऱ्याला पक्कं माहीत. बहिणीच्या रक्तात सापडलं ते वाण: जन्मापासूनचं, प्रत्येक पेशीतलं, पुढच्या पिढीत जाऊ शकणारं. गाठ तपासून मोजतात तो गुण. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी सारखीच असते. डोळ्याची पेशी त्यातली काही पानं वाचते, यकृताची दुसरी काही. कुठली पानं किती जोरात वाचली जातात ती झाली अभिव्यक्ती. गाठीत हे वाचन बिघडतं. कधी तर बीआरसीए-१ चं पान जसंच्या तसं असतं, एक अक्षर चुकलेलं नसतं, पण त्यावर रासायनिक ठिपके बसून ते वाचलंच जात नाही. जनुक शाबूत, पण मुकं. रक्ताच्या चाचणीत बहुधा ते दिसणार नाही, मुलीकडेही बहुतेक वेळा जाणार नाही.

२००० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी गाठींमधलं हे वाचन मोजून दाखवलं की ज्याला आपण स्तनाचा कॅन्सर म्हणतो ते अनेक वेगळे आजार आहेत. त्या वाटेनंच पुढे २१ जनुकांची, ७० जनुकांची चाचणी आली. २०१८ मध्ये १०,००० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २१ जनुकांच्या चाचणीत मधला गुणांक आलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बायकांना केमोथेरपीनं जास्तीचा फायदा होत नाही, असं त्यात निघालं. म्हणजे योग्य बाईला ही चाचणी सुचवली तर तिचे केस, तिची शक्ती आणि तिच्या मुलाची रजा वाचेल. अयोग्य बाईला सुचवली तर जमीन जाईल. निवड तुमच्या हातात आहे, आणि ती आम्हाला समजेल अशा मराठीत सांगणंही.

आता तुम्ही मला उलट विचाराल, आणि विचारायलाच हवं: सगळ्यांच्या मागे जनुकांचं भूत लावता का? नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांत आनुवंशिक दोषाच्या साधारण ५ ते १०. बाकीच्यांपैकी बहुतेकींच्या माहेरी कोणालाच काही नसतं. त्यांची कारणं वेगळी: लवकर आलेली पाळी, उशिरा झालेलं किंवा न झालेलं मूल, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, दारू, वाढतं वय, आणि निव्वळ योगायोग. म्हणून ‘तुमच्या घराण्यात नाही ना, मग निश्चिंत राहा’ हे वाक्यही बंद करा. ते मी तुमच्याच तोंडून ऐकलं आहे. २०२२ मध्ये देशात १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्यानं झाला असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेक जणींनी हेच वाक्य ऐकलं असेल.

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची छाती साध्या प्रशिक्षित आरोग्य-सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासली. मॅमोग्राफी नाही, मोठं यंत्र नाही. २० वर्षांचे आकडे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. लाखांदूरच्या उपकेंद्रात उद्या सुरू करता येईल असं हे काम आहे. पण त्याच अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही, आणि बीआरसीएचा कॅन्सर गाठतो तो पुष्कळदा पन्नाशीच्या आत. चुलत बहीण ३९, बहीण ४३. ज्यांना हात पुरा पडत नाही, त्यांना शोधायला प्रश्नच लागतो.

आणि प्रश्न विचारायची जागा आयती आहे. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात. त्यात छातीतली गाठ, स्तनाग्रातून रक्त, आकारातला बदल हे विचारलेलं आहे, उत्तम आहे. घराण्याचा प्रश्न मात्र मी पाहिलेल्या फॉर्मात रक्तदाब, मधुमेह आणि हृदयरोग एवढ्यापुरताच, आणि तोही आई-वडील-भावंडांपर्यंत. आत्या त्यात कुठे बसणार? फॉर्म दिल्लीहून येतो, तुमच्या हातात नाही, मान्य. पण तुम्ही सही-शिक्क्यानिशी मागणी केली तर ती आमच्यासारख्यांच्या अर्जापेक्षा लांब जाईल. तोवर आशाताईंना फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहायला सांगा.

पैशाचंही बोलते. महात्मा फुले योजनेनं आमच्यासारख्या कितीतरी घरांना तारलं, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं. पण योजना आजारी माणसाची आहे. निरोगी बहीण, निरोगी भाची रुग्णच नसते, तिचं रक्त कोणत्या खात्यातून तपासायचं? यावर तुमच्या संघटनेनं बोलावं. एक गोष्ट मात्र आजच सांगण्यासारखी आहे, जी आम्हाला फार उशिरा कळली. घरातल्या रुग्णाचा दोष एकदा नेमका सापडला की बाकीच्यांची अख्खी पोथी वाचावी लागत नाही, ते एक अक्षर तेवढं बघायचं. खर्च बराच उतरतो. म्हणून आधी आजारी असलेल्या बाईची चाचणी, मग नातेवाइकांची. उलट्या क्रमानं केली की पैसे जातात आणि उत्तर अर्धवट येतं.

कधी कधी उत्तर ‘अर्थ अनिश्चित’ असं येतं, अक्षर बदललेलं आहे पण घातक की निरुपद्रवी ते ठरत नाही. आपल्या लोकांची जनुकं जगाच्या नोंदींत कमी आहेत, म्हणून आपल्याकडे असं जास्त होतं. अशा अहवालावर कोणाची छाती किंवा अंडाशय काढायची घाई करू नका, एवढीच विनंती.

माझी बहीण आज आहे. उपचार पूर्ण झाले, सल्ला घेऊन अंडाशयही काढले, यंदा रोवणीला बांधीत उतरली. माझं रक्त तपासलं तेव्हा माझ्यात दोष निघाला नाही. अहवाल हातात घेऊन मी स्टेशनच्या बाकावर रडले, आनंदानं नाही. तिच्या वाट्याला आलं ते मला चुकलं, एवढंच कळत होतं. असं होईल हे मला आधी कोणीतरी सांगितलेलं होतं, त्या पेन्सिलवाल्या मुलीनं. चाचणीच्या आधी आणि नंतर असं बोलणारं माणूस जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जरी बसलं, तरी भंडाऱ्याच्या बाईला मुंबई गाठावी लागणार नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात टाटा रुग्णालयाची मंडळी हे काम वर्षानुवर्षं करत आहेत. फोनवर, व्हिडिओवर त्यांच्याशी जोडून घेता येणार नाही का?

राहिला माझा भाऊ. वय ५५, साकोलीत दुकान. आम्ही दोघींनी तपासलं, त्यानं नाही. “बायकांचं आहे ते, माझा काय संबंध,” म्हणतो. त्याला दोन मुली, थोरली २३ वर्षांची. तिला स्थळं पाहणं चालू आहे, आणि खरं कारण तेच आहे. गावात बोभाटा झाला तर मुलगी कोण करेल, ही भीती. मी त्याला दोष देत नाही. सिकलसेलच्या वेळीही लोकांनी अशीच तोंडं लपवली होती. पण त्याच्यात दोष असेल आणि तो थोरलीकडेही गेला असेल, तर तिची स्तनांची एमआरआय तपासणी आतापासून दोन वर्षांत सुरू व्हायला हवी, आणि नसेल तर दोघी मुली एका रक्ताच्या बाटलीत मोकळ्या होतात. बहिणीचं तो ऐकत नाही. डॉक्टरांचं ऐकतो, गोळी कधी चुकवत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो तुमच्यापैकी एकाकडे शुगर तपासायला येतो. नाव लिहीत नाही. त्या दिवशी येणाऱ्या सगळ्याच पुरुषांना विचारा, बहिणी किती, आणि आत्या कशानं गेली.



आपली,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका साकोली, जिल्हा भंडारा